लाकडी खिडक्या आणि काचेची मोठी दारे: सुरक्षित स्वच्छता आणि वर्षभराची निगा

लाकडी खिडकी किंवा अंगणाकडे, गच्चीकडे उघडणारे काचेचे मोठे दार वापरून जितके झिजते, त्याहून कितीतरी लवकर ते पाण्याने खराब होते. नीट सुकवलेले आणि रंगाचे किंवा वॉर्निशचे अखंड आवरण असलेले लाकूड अनेक दशके टिकते. त्याच लाकडात पाणी शिरून मुक्काम करू लागले, तर मात्र वरचा रंग शाबूत दिसत असतानाच ते आतून मऊ पडू लागते. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला ओलावा लागतो. लाकडातील पाणी त्याच्या कोरड्या वजनाच्या साधारण २० टक्क्यांच्या खाली राहिले, तर ही बुरशी सहसा मूळ धरत नाही. त्यामुळे लाकडाची निगा राखणे म्हणजे मुख्यतः त्याला कोरडे ठेवणे होय. अडचण अशी, की साफसफाईच्या निमित्ताने सर्वांत जास्त पाणी आपणच त्याच्यावर घालत असतो.

पाणी नेमके कुठून शिरते हे आधी समजून घेतले, तर पुढच्या बहुतेक सूचना आपोआप पटतात. लाकडाचे तंतू बारीक नळ्यांच्या जुडीसारखे एका दिशेने लागलेले असतात. पट्टीच्या सपाट अंगातून पाणी सावकाश झिरपते, पण पट्टी जिथे आडवी कापलेली असते त्या टोकातून ते अनेक पटींनी वेगाने आत ओढले जाते. झडपेची आडवी पट्टी उभ्या पट्टीला जिथे मिळते त्या सांध्यात नेमकी अशी टोके असतात, आणि उतारामुळे पाणीही तिथेच येऊन थांबते. म्हणूनच कुजण्याची सुरुवात खिडकीच्या वरच्या भागात क्वचित होते. ती खालच्या दोन कोपऱ्यांत, चौकटीच्या तळाच्या पट्टीत आणि दाराच्या उंबऱ्यालगत होते. साफ करताना, तपासताना आणि रंग लावताना या जागांना बाकीच्या खिडकीपेक्षा दुप्पट वेळ द्यावा.

काम सुरू करण्यापूर्वी

खिडकी साफ करताना होणारे गंभीर अपघात बहुधा उंचीमुळे होतात, त्यामुळे पहिला निर्णय उंचीचाच घ्यावा. वरच्या मजल्यावरील खिडकीची बाहेरची बाजू पुसण्यासाठी खिडकीच्या कट्ट्यावर उभे राहणे, गजांच्या किंवा चौकटीच्या आधाराने बाहेर झुकणे, एका पायावर तोल सांभाळत हात लांबवणे, यांपैकी काहीही करू नये. झडप आत उघडत असेल, तर जमिनीवर दोन्ही पाय टेकवून जेवढा भाग हाताला येतो तेवढाच पुसावा. उरलेल्या भागासाठी आतूनच वापरता येईल असा लांब दांड्याचा वायपर घ्यावा, आणि तोही पुरत नसेल तर ते काम सुरक्षेचा पट्टा व साधने असलेल्या व्यावसायिकावर सोपवावे. काचेवर एखादा डाग राहिला तरी चालतो.

शिडी वापरायचीच असेल, तर ती कठीण आणि सपाट जमिनीवर ठेवावी. टेकवण्याच्या शिडीचे वरचे टोक जितक्या उंचीवर टेकते, त्याच्या एक चतुर्थांश अंतरावर तिचा पाय असावा. म्हणजे चार मीटर उंचीसाठी भिंतीपासून एक मीटर. शिडी काचेवर किंवा झडपेवर कधीही टेकवू नये. शरीराचा मध्यभाग शिडीच्या दोन उभ्या दांड्यांच्या आतच राहील एवढाच हात लांबवावा, आणि पुढचा भाग पुसण्यासाठी खाली उतरून शिडी सरकवावी. जवळून विजेच्या तारा जात असतील, तर धातूची शिडी किंवा धातूच्या दांड्याचा वायपर त्या बाजूला नेऊ नये.

घरात लहान मुले असतील, तर उघड्या खिडकीखाली खुर्ची, पलंग किंवा पेटी ठेवून काम अर्धवट सोडू नये. डासांची जाळी मुलाचे वजन पेलण्यासाठी बनवलेली नसते. तिच्यावर रेलणारे मूल जाळीसकट खाली जाऊ शकते, त्यामुळे जाळी बसवलेली आहे म्हणून खिडकी सुरक्षित आहे असे मुळीच मानू नये. पडद्यांच्या लोंबत्या दोऱ्याही काम करताना वर गुंडाळून ठेवाव्यात.

काचेच्या वजनाचा अंदाज लोकांना बहुधा नसतो. एक मिलिमीटर जाडीच्या एक चौरस मीटर काचेचे वजन सुमारे अडीच किलो भरते. म्हणजे दोन मीटर उंच, एक मीटर रुंद आणि चार-चार मिलिमीटरच्या दोन काचा असलेल्या सरकत्या कवाडात नुसती काचच ४० किलोंच्या आसपास असते. लाकूड आणि चाके वेगळी. असे कवाड एकट्याने रुळातून उचलू नये. दोन धडधाकट माणसे, जाड हातमोजे, बंद बूट आणि कवाड टेकवण्याची जागा आधीच मोकळी केलेली, एवढी तयारी हवी. काचेला तडा गेलेला असेल, तर ती पुसण्याचा प्रयत्न करू नये. दोन्ही बाजूंनी रुंद चिकटपट्टी लावून ती बदलेपर्यंत दार वापरातून बाजूला ठेवावे.

रसायनांच्या बाबतीत एक नियम कोणत्याही सबबीवर मोडू नये. ब्लीच आणि अमोनिया असलेला काचक्लीनर एकत्र आल्यास क्लोरामाइन नावाचे विषारी वायू तयार होतात, आणि ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा दुसरे आम्ल मिसळल्यास क्लोरीन वायू सुटतो. हे मिश्रण बादलीतच व्हायला हवे असे नाही. एका फडक्यावर आधी एक आणि मग दुसरे लागले तरी ते घडते. लाकडाच्या सफाईला यांपैकी बहुतेक रसायनांची गरजही नसते.

धुण्यापेक्षा पुसणे

दिवस कोरडा निवडावा, पण ऊन थेट काचेवर येत असताना काम करू नये. तापलेल्या काचेवर साबणाचे पाणी पुसण्याआधीच सुकते आणि पट्टे उमटतात. शिवाय तापलेल्या काचेवर एकदम गार पाणी मारल्यास ती तडकू शकते. ढगाळ सकाळ किंवा खिडकी सावलीत असण्याची वेळ उत्तम. सकाळी केलेल्या कामाला दिवसभर सुकायला वेळ मिळतो, आणि लाकडाच्या दृष्टीने हे फार महत्त्वाचे आहे.

पाण्याला हात लावण्यापूर्वी सगळी कोरडी धूळ काढावी. हा टप्पा अनेक जण गाळतात, आणि मग धुळीचा चिखल होऊन तो सांध्यांत आणि काचेच्या कडेला जाऊन बसतो. मऊ ब्रशने वरून खाली झाडावे. चौकटीच्या खाचा, बिजागऱ्यांच्या मागची जागा आणि कड्यांच्या भोवतीचा भाग व्हॅक्यूम क्लीनरच्या अरुंद नळीने साफ करावा. जाळी काढता येत असेल तर ती काढून, कोणती जाळी कोणत्या खिडकीची हे कडेला पेन्सिलीने लिहून, बाहेर सपाट जागी धुवावी आणि पूर्ण वाळल्यावरच परत बसवावी. ओली जाळी लाकडी चौकटीत बसवली, की तिच्या कडेचे पाणी दिवसभर लाकडाला चिकटून राहते.

लाकडासाठी बादलीभर कोमट पाण्यात भांडी घासण्याच्या सौम्य द्रव साबणाचे काही थेंब पुरेसे आहेत. फडके या पाण्यात बुडवून इतके घट्ट पिळावे, की दाबले तरी थेंब पडू नये. लाकडाच्या रेषांच्या दिशेने पुसावे, लगेच स्वच्छ पाण्यात पिळलेल्या दुसऱ्या फडक्याने साबण काढावा आणि तिसऱ्या कोरड्या फडक्याने ओल टिपून घ्यावी. एका वेळी एकच झडप पूर्ण करावी. सगळ्या खिडक्यांना साबण लावून ठेवायचा आणि मग पुसत जायचे, या पद्धतीत वेळ वाचल्यासारखा वाटतो, पण शेवटच्या खिडकीत पाणी बराच काळ राहते.

पाण्याच्या नळीचा जोराचा झोत आणि प्रेशर वॉशर लाकडी खिडकीवर वापरूच नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. दाबाने मारलेले पाणी रबरी पट्ट्यांच्या मागे, काचेच्या खाचेत आणि सांध्यांत घुसते. तिथून ते सुकायला वाट नसते. सैल झालेला रंगही त्याने उडतो आणि लाकडाचे मऊ तंतू फाटून वर येतात. लोखंडी तारेचा घासणी-चोथाही टाळावा. त्याचे सूक्ष्म तुकडे लाकडात अडकून गंजतात, आणि साग, ओक यांसारख्या टॅनिनयुक्त लाकडात लोह व टॅनिन यांच्या संयोगाने काळेनिळे डाग पडतात. हट्टी डागासाठी मऊ नायलॉनची घासणी घ्यावी आणि आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यात ती वापरून पाहावी.

चौकट झाल्यावर काच पुसावी, म्हणजे चौकटीवरून उडालेले थेंब शेवटी निघून जातात. क्लीनर काचेवर फवारण्याऐवजी फडक्यावर घ्यावा. काचेवरून ओघळणारा क्लीनर थेट खालच्या पट्टीवर आणि काचेच्या कडेच्या जोडावर जाऊन साचतो, आणि अमोनिया किंवा अल्कोहोल असलेला क्लीनर वॉर्निशची चमक कालांतराने मारतो. रबरी वायपर वापरत असाल, तर प्रत्येक ओढीनंतर त्याची रबरी कड पुसून घ्यावी आणि काचेच्या खालच्या कडेला कोरडे फडके धरावे. आतली बाजू उभ्या आणि बाहेरची बाजू आडव्या हाताने पुसल्यास, राहिलेला पट्टा कोणत्या बाजूला आहे हे लगेच कळते.

काचेवर रंगाचे थेंब किंवा चिकटपट्टीचे अवशेष असतील, तर ब्लेडने खरवडण्याचा मोह होतो. टफन्ड, म्हणजे उष्णतेने कणखर केलेल्या, काचेवर निर्मितीच्या वेळचे सूक्ष्म कण चिकटलेले असू शकतात. ब्लेड ते ओढत नेते आणि काचेवर लांब ओरखडे उठतात. मोठ्या दारांना बहुधा अशीच सुरक्षा काच बसवलेली असते आणि तिच्या एखाद्या कोपऱ्यात तशी खूण कोरलेली असते. अशा काचेवरील डाग साबणाच्या पाण्याने भिजवून प्लास्टिकच्या पट्टीने काढावा. उष्णता रोखणारा लेप काचेच्या उघड्या बाजूवर असल्यास तिथेही ब्लेड किंवा घासण्याची पावडर चालत नाही. बांधकामाचे सिमेंट किंवा चुना काचेवर उडाला असेल, तर मात्र वाट पाहू नये. तो अल्कधर्मी असल्याने काचेचा पृष्ठभाग कायमचा पांढुरका करतो. भरपूर ओले करून तो त्याच दिवशी काढावा. लाकडाला कमीत कमी पाणी हा नियम येथे अपवाद म्हणून मोडावा लागला तरी चालेल, फक्त नंतर लाकूड तातडीने टिपून घ्यावे.

काळे ठिपके दिसले तर ती धूळ आहे की बुरशी, हे ओळखण्याची सोपी रीत आहे. पातळ केलेल्या ब्लीचचा एक थेंब कापसाने लावावा. ठिपका मिनिट-दोन मिनिटांत फिकट झाला तर ती बहुधा बुरशी असते. अशी बुरशी हातमोजे आणि मास्क घालून, खिडकी उघडी ठेवून साबणाच्या पाण्याने पुसावी आणि ती जागा पूर्ण वाळवावी. कोरड्या ब्रशने ती झाडू नये, कारण तिचे बीजाणू घरभर पसरतात. बुरशी एक चौरस मीटरपेक्षा मोठ्या भागात पसरली असेल किंवा पुसल्यावर पुन्हा पुन्हा येत असेल, तर दोष सफाईत नसून ओलाव्यात आहे. थंडीत काचेच्या आतल्या बाजूवर जमणारे दव हे त्याचे नेहमीचे कारण असते. घरातील हवेतली वाफ काचेला लागून तिचे पाणी होते आणि ते खालच्या पट्टीवर उतरते. सकाळी ते टिपणे, स्वयंपाकघर व न्हाणीघरातील वाफ बाहेर जाऊ देणे आणि जाड पडदे दिवसा बाजूला सारणे, या तीन गोष्टींनी पुष्कळ फरक पडतो.

सरकत्या दाराचे रूळ

सरकते दार जड चालू लागले, की माणसे त्याला जोर लावतात किंवा रुळात तेल ओततात. दोन्ही उपाय दार अधिक बिघडवतात. तेलाला आणि ग्रीसला वाळूचे कण चिकटतात आणि चाके त्यांच्यावरून फिरताना रूळ कातरला जातो. आधी कोरड्या, ताठ ब्रशने रुळातील माती मोकळी करून ती व्हॅक्यूमने ओढून घ्यावी. कोपऱ्यांत घट्ट बसलेला थर लाकडी किंवा प्लास्टिकच्या काडीने उचकटावा, कारण धातूच्या पट्टीने ॲल्युमिनियमचा रूळ सहज खरवडला जातो. मग ओलसर फडक्याने पुसून रूळ कोरडा करावा. यानंतरही दार जड वाटले, तरच कोरड्या प्रकारचा सिलिकॉनचा फवारा फडक्यावर घेऊन रुळावरून एकदा फिरवावा. तो थेट फवारू नये, याला दोन कारणे आहेत. फरशीवर उडालेला सिलिकॉन अतिशय निसरडा असतो, आणि लाकडावर बसलेला सिलिकॉन पुढे त्या जागी रंग धरू देत नाही.

उंबऱ्याच्या बाहेरच्या बाजूला निचऱ्याची लहान छिद्रे किंवा फटी असतात. रुळात आलेले पावसाचे पाणी बाहेर काढण्यासाठी ती मुद्दाम ठेवलेली असतात. ती तुंबली, की पाणी रुळात साचून उंबऱ्याच्या लाकडात आणि पुढे घरातील फरशीखाली जाते. बारीक तार किंवा दात कोरायची काडी घालून ती मोकळी करावीत आणि अर्धा पेला पाणी रुळात ओतून ते बाहेर पडते का ते पाहावे. ही छिद्रे गळतीची जागा समजून सीलंटने, म्हणजे फटी बुजवण्याच्या लेपाने, बुजवलेली आढळतात. तसे असल्यास सीलंट काढून टाकावे.

रूळ स्वच्छ असूनही कवाड खाली घासत असेल, तर चाकांची उंची कमी झालेली असते. कवाडाच्या खालच्या कडेला, बहुधा प्लास्टिकच्या टोपीखाली, ती जुळवण्याचा स्क्रू असतो. एकाने कवाड किंचित उचलून धरावे आणि दुसऱ्याने स्क्रू थोडा थोडा फिरवावा, कारण पूर्ण वजन चाकावर असताना फिरवल्यास स्क्रूचे डोके गुळगुळीत होते. दोन्ही टोकांची उंची सारखी झाली, की कवाड चौकटीला समांतर दिसते आणि कुलूप त्याच्या खाचेत नीट बसते. कुलूप न बसणारे दार सुरक्षेच्या दृष्टीने उघडेच असते, म्हणून ही जुळवणी पुढे ढकलू नये.

पुसताना काय पाहावे

पुसण्याचे काम हीच तपासणीची सर्वांत चांगली वेळ असते, कारण एरवी कोणी खिडकीच्या खालच्या पट्टीला हात लावत नाही. रंगाला फुगवटा आला आहे का, सांधा उघडला आहे का, काच बसवण्याची लांबी (पुट्टी) तडकून सुटली आहे का, रबरी पट्टी कडक होऊन आखडली आहे का, हे हाताने चाचपून पाहावे. संशय येईल तिथे टोच्याचे किंवा बारीक स्क्रूड्रायव्हरचे टोक हलकेच दाबावे. निरोगी लाकूड टोकाला विरोध करते. कुजलेल्यात ते सहज रुतते. खालच्या पट्टीवर आणि दाराच्या तळाशी ताजा, पिठासारखा भुसा पडलेला दिसला, तर लाकूड पोखरणारे किडे सक्रिय आहेत. भिंतीवरून मातीच्या बारीक वाहिन्या चौकटीकडे गेलेल्या दिसल्या, तर ती वाळवी आहे. या दोन्हींवर रंगाचा हात फिरवून काही साधत नाही; आधी कीडनियंत्रण करून घ्यावे.

आवरण अजून काम करते आहे का, हे पाहण्यासाठी लाकडावर पाण्याचे चार थेंब टाकावेत. ते गोल मण्यांसारखे राहिले तर आवरण ठीक आहे. काही मिनिटांत ते पसरून लाकूड गडद दिसू लागले, तर तिथे नवीन हात देण्याची वेळ झाली आहे.

दुहेरी काचेच्या दोन तावदानांच्या आत धुके दिसत असेल, तर ते कितीही पुसले तरी जाणार नाही. काचांच्या कडेचे सील फुटून आत दमट हवा शिरलेली असते आणि तिथली ओल शोषणारी पूड भरून गेलेली असते. अशा वेळी सहसा चौकट बदलण्याची गरज नसते. तेवढा काचेचा जोड बदलता येतो. लाकूड चांगले असताना संपूर्ण खिडकी काढायला सांगणाऱ्या सल्ल्यावर दुसऱ्या जाणकाराचे मत जरूर घ्यावे.

पावसाळी, दमट दिवसांत झडप अडकू लागली, तर लगेच रंधा मारू नये. लाकूड दमट हवेतील पाणी घेऊन रुंदीत फुगते आणि कोरड्या दिवसांत पुन्हा आक्रसते. लांबीत मात्र ते जवळपास बदलत नाही. फुगलेल्या अवस्थेत कापलेल्या झडपेला कोरड्या हंगामात मोठी फट पडते. तोवर घासणाऱ्या कडेवर मेणबत्तीचे मेण चोळून काम भागवावे. घासणारी जागा सापडत नसेल, तर चौकटीच्या कडेला खडू फासून झडप लावावी. खडू जिथे झडपेला लागेल तीच ती जागा. कोरड्या दिवसांतही झडप अडकत असेल, तर आधी बिजागऱ्यांचे स्क्रू सैल झाले आहेत का ते पाहावे, कारण झडप उतरण्यामागे पुष्कळदा तेवढेच कारण असते. रंधा लागलाच, तर उघड्या पडलेल्या कडेला त्याच दिवशी प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा पायाचा थर, द्यावा.

रंग आणि वॉर्निश

उन्हातील अतिनील किरण लाकडाच्या पेशींना बांधून ठेवणारे लिग्निन तोडतात आणि उघडे लाकूड करडे पडते. पारदर्शक वॉर्निशमधून हे किरण बऱ्याच प्रमाणात आत जातात, तर रंगातील रंगद्रव्य त्यांना अडवते. त्यामुळे भर उन्हातल्या खिडकीला पारदर्शक वॉर्निश हवे असेल, तर ते दरवर्षी तपासण्याची आणि गरज पडताच हात देण्याची तयारी ठेवावी. एवढे जमणार नसेल, तर रंग किंवा रंगद्रव्ययुक्त स्टेन, म्हणजे लाकडात मुरणारा रंग, अधिक शहाणपणाचे ठरते.

जुन्या रंगाला घासण्यापूर्वी त्याचे वय विचारात घ्यावे. विसाव्या शतकात अनेक देशांत घरगुती रंगांमध्ये शिसे सर्रास वापरले जात असे. झडप उघडताना-लावताना तो रंग घासून त्याची धूळ खिडकीच्या खाचेत साठते. शिशाची धूळ लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला आणि गर्भाला अपाय करते, आणि त्यासाठी फार मोठे प्रमाणही लागत नाही. घर जुने असेल आणि रंगाची माहिती नसेल, तर रंगाचा तुकडा प्रयोगशाळेत तपासून घ्यावा किंवा रंगात शिसे आहे असेच मानून वागावे. असा रंग कोरडा घासू नये, मशीनने तर नाहीच. ज्योतीने किंवा अतितप्त हवेच्या बंदुकीने तो जाळू नये, कारण त्यातून विषारी वाफा निघतात. खाली प्लास्टिकची चादर पसरावी, पृष्ठभाग पाण्याने ओला ठेवून हाताने घासावे, अतिसूक्ष्म कण अडवणारा मास्क घालावा, आणि मुले व गर्भवती स्त्रिया यांना काम संपून ओल्या फडक्याने पूर्ण सफाई होईपर्यंत त्या खोलीत येऊ देऊ नये. कामाचे कपडे घरातील इतर कपड्यांबरोबर धुऊ नयेत. काम मोठे असेल, तर ते प्रशिक्षित माणसांकडूनच करून घ्यावे.

रंग शिसेमुक्त असल्याची खात्री असेल, तर सैल भाग पातीने काढून उघड्या लाकडावर १२० नंबरचा आणि रंगाच्या दोन हातांच्या मध्ये २२० नंबरचा पॉलिश पेपर लाकडाच्या रेषांच्या दिशेने चालवावा. लाकूड कोरडे असल्याशिवाय रंग लावू नये. ओलावा मोजण्याचे यंत्र मिळत असेल, तर १५ टक्क्यांखालचे प्रमाण पाहूनच सुरुवात करावी. नसेल, तर सलग काही कोरडे दिवस जाऊ द्यावेत. घासून उघडे केलेले लाकूड आठवडेच्या आठवडे उन्हात तसेच राहिले, तर त्यावर रंग नीट पकडत नाही, म्हणून एका दिवसात प्रायमरपर्यंत पोहोचता येईल एवढाच भाग हाती घ्यावा. सांध्यांच्या कापलेल्या टोकांना, झडपेच्या खालच्या कडेला आणि दाराच्या वरच्या कडेला प्रायमरचा एक जादा हात द्यावा. या कडा नजरेत येत नाहीत, म्हणून त्या नेमक्या कोऱ्या राहिलेल्या आढळतात.

काचेच्या कडेला रंग लावताना तो लांबीवरून पुढे येऊन काचेवर साधारण दोन मिलिमीटर चढू द्यावा. ही बारीक रेघ काच आणि लांबी यांच्यातील फट बंद करते. ती ब्लेडने सरळ कापून काढल्यास पावसाला वाट मिळते. नवीन भरलेल्या जवसाच्या तेलाच्या लांबीवर पापुद्रा धरेपर्यंत, म्हणजे बहुधा आठवडाभर किंवा अधिक, रंगाची घाई करू नये. रबरी पट्ट्या, बिजागऱ्यांचे सांधे, निचऱ्याची छिद्रे आणि बाहेरच्या सिलखालील, म्हणजे खिडकीच्या बाहेरच्या कट्ट्याखालील, पाणी तोडणारी खाच यांवर मात्र रंग लागू देऊ नये. ही खाच रंगाने किंवा धुळीने भरली, तर सिलवरचे पाणी खाली टपकण्याऐवजी तळाला चिकटून भिंतीपर्यंत मागे सरकते. सांध्यातील फट बुजवायची असेल, तर त्यावर रंग बसणारे सीलंट निवडावे. साध्या सिलिकॉनवर रंग टिकत नाही. रंगकामानंतर झडपा पूर्ण सुकेपर्यंत थोड्या उघड्या ठेवाव्या लागतात, म्हणून तळमजल्यावर हे काम सकाळी लवकर सुरू करावे, म्हणजे रात्री त्या बंद करता येतात.

जवसाचे तेल किंवा तेलयुक्त स्टेन लावलेली फडकी चुरगाळून टोपलीत टाकू नयेत. तेल हवेतील ऑक्सिजनशी संयोग पावताना उष्णता निर्माण होते, आणि चुरगाळलेल्या फडक्यात ती साठून कोणत्याही ठिणगीशिवाय आग लागू शकते. प्रत्येक फडके घराबाहेर, ज्वालाग्राही वस्तूंपासून दूर, एकेरी पसरून कडक होईपर्यंत वाळवावे, किंवा पाण्याने भरलेल्या, झाकणाच्या धातूच्या डब्यात बुडवून ठेवावे.

कुजलेला भाग लहान असेल आणि सांधा अजून घट्ट असेल, तर मऊ लाकूड निरोगी भागापर्यंत कोरून काढावे, जागा पूर्ण सुकवावी आणि लाकडासाठीच्या इपॉक्सीने भरून वर रंग द्यावा. ओल्या लाकडावर इपॉक्सी भरल्यास आतली कूज तशीच चालू राहते. टोच्या बोटभर आत जात असेल, सांधा हाताने हलत असेल किंवा काच पेलणारी पट्टीच खचली असेल, तर भरणे थांबवून सुताराला बोलवावे. कुशल सुतार खालची पट्टी किंवा चौकटीच्या उभ्या खांबाचा तळ तेवढाच कापून त्याच जातीच्या लाकडाचा तुकडा तिरक्या जोडाने बसवतो. मात्र त्याच्याकडे काम सोपवताना पाणी कुठून येते हे आधी शोधायला सांगावे. वरची पन्हळ, भिंतीतील भेग किंवा तुंबलेला निचरा दुरुस्त झाल्यावरच नवीन लाकूड बसवावे.